घडीचा जाळीपिंजरा : नव्या तलंगा जुन्या कळपात मिसळताना किती कामाचा?

परसातल्या पाच-सात जुन्या कोंबड्यांत तीन-चार नव्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) सोडायच्या म्हटले की पहिला प्रश्न येतो त्यांना मधले काही दिवस ठेवायचे कुठे. त्यासाठी नाशिकमध्ये सातपूर-अंबड भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून एक वस्तू बनवून मिळते: लोखंडी चौकटींवर वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी) मारलेला, पिनांनी जोडायचा, काम झाले की घडी करून भिंतीला टेकवून ठेवायचा पिंजरा. कुत्र्याच्या पिल्लांसाठीही हाच विकतात, सशांसाठीही हाच. कोंबड्यांच्या बाबतीत आमचे मत असे: जाळीआड ओळख करून द्यायला यापेक्षा सोयीचे काही नाही, रात्रीच्या मुक्कामाला तो अपुरा आहे, आणि ‘क्वारंटाइनलाही चालतो’ असे विकणारा सांगतो ते सोडून द्यावे. शिवाय तयार पडलेला उचलू नये. तीन-चार बदल सांगून बनवून घेतला तरच पैसे वसूल होतात.

आधी वस्तूबद्दल. नेहमीचे माप म्हणजे चार फूट लांब, तीन फूट उंच अशा सहा चौकटी. चौकट एक इंची स्क्वेअर पाइपची, अठरा गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा किंवा तार पातळ). जाळी एक इंच बाय एक इंच, चौदा गेज. अशी एक चौकट साधारण सहा किलो भरते, म्हणजे पूर्ण संच 36 किलोच्या आसपास. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण काम बहुतेक ठिकाणी वजनावर लावतात. संच 36 ऐवजी 26 किलो भरला तर पाइप पातळ घेतलाय किंवा जाळी सोळा-अठरा गेजची मारलीय असे समजावे. अठरा गेजच्या तारेला कुत्र्याने दोन पंजे मारले की पोक येतो. सहा चौकटी जोडल्या की आठ बाय चारची जागा होते, 32 चौरस फूट. दोन-तीन आठवड्यांसाठी चार तलंगांना ती पुरेशी, पाच दाटीवाटीने मावतात, सहा नकोत. कोंबड्यांच्या आवाराला आधीच जाळी असेल तर पिंजऱ्याची लांब बाजू त्याच जाळीला लावावी. मग चारच चौकटी लागतात आणि दोन मोकळ्या उरतात. त्या दोन पुढे फार उपयोगी पडतात.

जाळीच्या मापावर तडजोड नको. दोन इंची जाळी स्वस्त पडते म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. दोन इंचातून तलंगेची मान आरपार जाते, पलीकडची म्हातारी तुऱ्यावर टोच मारते आणि मान मागे घेताना तुरा तारेत अडकतो. मुंगसाचे पिल्लू आणि घूसही तेवढ्या फटीतून सहज शिरते. एक इंची जाळीत चोच जाते, डोके जात नाही. आपल्याला नेमके तेवढेच हवे. खालच्या एका फुटाला अर्धा इंची जाळी जास्तीची मारून घेतली तर उत्तमच. षटकोनी चिकनजाळी मात्र या कामाला घेऊ नये. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही.

आता दोष. जाळी चौकटीला आर्क वेल्डिंगने टाचलेली असते. जिथे टाका पडतो तिथला जाळीवरचा जस्ताचा मुलामा जळून जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. टाके घासून, त्यावर रेड ऑक्साइड आणि मग ऑइल पेंट मारून द्यायला सांगावे. रंग वाळून वास जाईपर्यंत पाखरे आत घालू नयेत. दुसरा दोष जास्त गंभीर. जाळी कापताना उडालेले तारेचे बारीक तुकडे आणि वेल्डिंगचे मणी चौकटीच्या खाचांत अडकलेले असतात, घरी आणून पिंजरा उभा केला की ते जमिनीवर पडतात. कोंबडी चमकणारी वस्तू उचलतेच. तारेचा टोकदार तुकडा गिझार्डला (दाणे दळणाऱ्या पोटाला) भोक पाडू शकतो आणि जस्ताने विषबाधा होते. म्हणून पिंजरा आत नेण्याआधी रस्त्यावर उभा करून प्रत्येक चौकट हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकावी, मग जागेवर लोहचुंबक फिरवावा. जस्ताचे मणी चुंबकाला लागत नाहीत, ते डोळ्यांनीच वेचावे लागतात. जाळीची कापलेली टोके आतल्या बाजूला उघडी राहिली असतील तर त्यावर अर्धा इंची पट्टी मारून मागावी. ही पट्टी न मारता दिलेला पिंजरा परत करावा, इतके आमचे म्हणणे स्पष्ट आहे.

दोन चौकटींच्या सांध्यात किती फट राहते तेही पाहावे. कड्या मोठ्या लावल्या तर उभी दीड इंचाची फट पडते आणि पाखरू नेमके तिथेच डोके घालते. पिन आठ मिलिमीटर सळईची, वरून खाली एकच असावी, तुकड्या-तुकड्यांची नको.

दारही सांगूनच घ्यावे. तयार पिंजऱ्याला बिजागरीचे, बाहेर उघडणारे दार असते. माणसाला सोयीचे, पण मिसळण्याच्या कामाला निरुपयोगी, कारण ते किंचित उघडे ठेवता येत नाही; वाऱ्याने एक तर बंद होते, नाहीतर सताड उघडते. वर सरकणारे दार मागावे, बारा इंच रुंद, चौदा इंच उंच, आणि बाजूच्या पट्टीला दर दोन इंचांवर एक भोक, म्हणजे पिन घालून दार हव्या त्या उंचीवर अडवता येईल.

यात उंचीवर अडवायचे कारण असे. जुन्या कोंबड्या अंगाने मोठ्या, गिरिराज किंवा आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या असतील आणि नव्या तलंगा बारा-चौदा आठवड्यांच्या असतील, तर दार पाच-सहा इंचांवर अडवले की तलंग खालून सुटते, मोठी कोंबडी अडते. तलंगा मनाप्रमाणे बाहेर येतात, पाठलाग झाला की परत आत पळतात, आणि आत त्यांचे खाद्य-पाणी सुरक्षित राहते. माणसाने काहीच न करता मिसळणे आपोआप होत राहते. मात्र ही युक्ती गावठी कळपात चालत नाही. दीड किलोची गावठी कोंबडी पाच इंचांच्या फटीतून तलंगेइतक्याच सहज आत जाते आणि मग पळायला जागा नसलेल्या तलंगेची आतच धुलाई होते. गावठी पाळणाऱ्यांनी दार एकतर पूर्ण बंद नाहीतर पूर्ण उघडे असेच वापरावे.

क्वारंटाइनबद्दल आमचा आक्षेप सोपा आहे. पिंजरा आवारातच उभा राहणार, म्हणजे हवा एक, माशा एक, पायातली चप्पल एक. घोटी, सिन्नर, दिंडोरीच्या आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी चार गावांच्या पाखरांबरोबर एका डालग्यात बसून आलेली असते. मानमोडी (राणीखेत), सर्दीचे रोग, रक्ती हगवण, उवा, यांतले काहीही ती सोबत आणू शकते आणि पहिले आठ-दहा दिवस तिच्याकडे पाहून कळतही नाही. मायकोप्लाझ्मा या श्वासाच्या रोगातून बरी झालेली कोंबडी तर बाहेरून ठणठणीत दिसते आणि आयुष्यभर रोग पसरवत राहते. म्हणून नवी पाखरे आधी महिनाभर घराच्या दुसऱ्या बाजूला, जुन्यांपासून निदान तीस-चाळीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावीत. भांडी वेगळी, चप्पल वेगळी, आणि रोज आधी जुन्यांचे काम उरकून मग नव्यांकडे जायचे, उलट नाही. गच्ची असेल तर गच्ची, नाहीतर गाडीचे शेड.

या महिन्यात पाहायचे काय? शिंक, नाकात शेंबूड, डोळ्याला फेस, श्वासाची घरघर. विष्ठेत रक्त. पायाचे खवले उचललेले असतील तर तो खरजेचा किडा. गुदद्वाराभोवतीच्या पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. लाल माइट (रक्त पिणारा बारीक किडा) दिवसा अंगावर सापडत नाही, तो बसायच्या दांडीच्या खाचेत लपतो आणि रात्री चढतो. त्यासाठी रात्री बॅटरी घेऊन दांडीखाली पांढरा कागद घासून पाहावा, लाल रेघ उठली तर माइट आहे. लसीकरणही याच काळात उरकावे. मानमोडीवरची लासोटा लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे ‘आज लस, उद्या मिसळ’ असे करू नये. लसीची लहानात लहान कुपी साधारण शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा आसपासच्या कोंबडीवाल्यांनी मिळून एकच दिवस ठरवणे परवडते. अचानक दोन-तीन पाखरे मेली तर पुरून मोकळे होऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू 2006 मध्ये देशात पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला.

महिना निघाला की या पिंजऱ्याचे खरे काम सुरू होते.

कोंबड्यांत उतरंड असते हे 1920 च्या दशकात नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी नीट मांडून दाखवले. कोण कोणाला टोचू शकते याचा क्रम प्रत्येक पाखराला पाठ असतो आणि तो ठरलेला असतो म्हणूनच कळप शांत असतो. नवे पाखरू आले की क्रम पुन्हा लागतो. हे भांडण टाळता येत नाही, फक्त त्यातले रक्त टाळता येते. जाळीआडून दोन्ही बाजूंनी एकमेकींना पाहून घेतले, मान फुगवून झाले, चार खोट्या धावा झाल्या, की निम्मे भांडण जाळीवरच संपते.

पिंजरा आवाराच्या कोपऱ्यात लावू नये. जुन्या कोंबड्यांचा नेहमीचा वावर जिथे असतो, पाण्याच्या भांड्याजवळ किंवा मातीत लोळायच्या खड्ड्याजवळ, तिथे लावावा. चारही कोपऱ्यांना दीड फुटाची सळई ठोकून चौकटी बांधाव्यात. जूनमधल्या पहिल्या वादळी वाऱ्यात मोकळा पिंजरा सरकतो. वर झाकण हवेच, कारण तीन फूट उंची म्हणजे हलक्या तलंगेला एक उडी. दहा बाय सहाची एक इंची नायलॉन जाळी वरून ताणून बाजूला बांधावी आणि निम्म्या भागावर हिरवी शेडनेट. पूर्ण झाकला तर आत उमसते. एका बाजूला कांद्याचे बारदान बांधून दोन फुटांचा आडोसा करावा, म्हणजे सतत नजरेखाली राहून तलंगा भेदरत नाहीत.

खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांसमोर, जाळीपासून फूटभर अंतरावर ठेवावीत. पहिले दोन दिवस अंतर तीन फूट असले तरी चालेल, मग रोज थोडे जवळ सरकवायचे. पालक, मेथीची देठे, द्राक्षाचे चार मणी असा खाऊ दोन्ही बाजूंना एकाच वेळी टाकावा. एकमेकींशेजारी मान खाली घालून खाता आले पाहिजे, सगळी शिकवण एवढीच. जुन्या तीन-चार दिवस जाळीवर धावून येतील. मग जोर ओसरतो. दोन्हीकडची पाखरे जाळीला लागून निवांत मातीत लोळू लागली, की दार उघडायला हरकत नाही. साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तारीख पाहून दार उघडू नये, पाखरे पाहून उघडावे.

दार उघडण्याची पद्धत: पहिल्या दिवशी जुन्यांना अंगणात चरायला सोडायचे आणि नव्यांना रिकाम्या आवारात तासभर फिरू द्यायचे. दांडी कुठे, पाणी कुठे, पळायची वाट कुठे, हे त्यांना आधी कळू दे. दोन दिवस असे झाले की दुपारी चारनंतर, दिवेलागणीला दीड-दोन तास असताना, एकत्र सोडायचे. संध्याकाळी कोंबडीला पोट भरून दांडीवर जायची घाई असते, त्यामुळे भांडणे लांबत नाहीत. आवारात भाजीचे दोन-तीन प्लास्टिक क्रेट उपडे आणि एखादी मोकळी चौकट भिंतीला तिरकी टेकवून ठेवावी. वर उरलेल्या दोन चौकटी म्हटल्या त्या याच कामाच्या. पळणाऱ्या पाखराला नजरेआड व्हायला वळण मिळाले की पाठलाग करणारी तिथेच थांबते. मात्र आडोशाला दोन बाजूंनी वाट हवी. एकच तोंड असलेला आडोसा हा सापळा ठरतो.

खाद्याची भांडी एकूण गरजेपेक्षा एक-दोन जास्त आणि एकमेकांपासून लांब. लांबट भांड्यात दर पाखराला चार इंच, दांडीवर आठ इंच, अंड्यांसाठी दर चार-पाच कोंबड्यांना एक खोके. जागा यापेक्षा कमी असेल तर कितीही चांगला पिंजरा आणा, भांडणे थांबणार नाहीत.

रात्री अंधारात नव्या कोंबड्या गुपचूप दांडीवर नेऊन बसवायच्या, सकाळी जुन्यांना काही कळत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. कळते. अंधारात कोंबडीला दिसत नाही म्हणून रात्र शांत जाते, इतकेच. उजाडताच सगळ्या एकाच बंद खुराड्यात, पळायला जागा नाही, आणि घरातली माणसे झोपलेली. जाळीआडचे दिवस झाल्यावर शेवटची पायरी म्हणून हे करायला हरकत नाही, पण पहाटे खुराडे उघडायला कोणीतरी हजर पाहिजे.

टोचणे, थोडा पाठलाग, दोन पिसे जाणे, हे चालायचेच. मध्ये पडू नये. तोडलेले भांडण पुन्हा पहिल्यापासून लागते. पण रक्त दिसले की पाखरू त्याच क्षणी वेगळे काढावे. लाल रंगावर सगळा कळप तुटून पडतो आणि जिवंत पाखराचे मांस खाण्यापर्यंत गोष्ट जाते. जखम धुऊन जांभळे औषध (जेन्शन व्हायोलेट) लावावे. त्याने जंतूही मरतात आणि लाल रंगही झाकतो.

एकच म्हातारी सगळ्यांना छळत असेल तर उलटे करायचे: नव्या बाहेर आणि ती पिंजऱ्यात, तीन-चार दिवस, शक्यतो बाकीच्यांना दिसणार नाही अशा जागी. परत आल्यावर तिला स्वतःचीच जागा नव्याने मिळवावी लागते आणि माज उतरतो. तयार खुराड्यात ही सोय नसते. घडीच्या पिंजऱ्याला आम्ही सर्वांत जास्त गुण इथेच देऊ.

आता उणीव, रात्रीची. पिंजऱ्याला तळ नाही. मुंगूस आणि घूस चौकटीखालून उकरतात. चौकटीला बाहेरून फूटभर रुंदीची जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर विटा ठेवाव्यात. उकरणारा प्राणी चौकटीला नाक लावून उकरतो, मागे सरकून नाही. आत बसायला दीड इंची लाकडी दांडी आणि रात्रीसाठी बंद करता येणारी दोन बाय दोनची पेटी स्वतंत्र लागते. फॅब्रिकेशनवाला लोखंडी दांडी लावून देतो. ती काढून टाकावी. निफाडकडच्या डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा लोखंडावर पाय गारठतात. देवळाली कॅम्प, विहितगाव या बाजूला, जिथे बिबट्याचा वावर असतो, तिथे हा पिंजरा रात्री अजिबात भरवशाचा नाही. पाखरे पक्क्या खोलीतच गेली पाहिजेत.

खाद्यात एक गोष्ट हमखास चुकते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. अठरा आठवड्यांखालच्या तलंगेला ते महिनोन्‌महिने गेले तर मूत्रपिंडे खराब होतात. एकत्र झाल्यावर कोण कुठल्या भांड्यात खाते यावर ताबा राहत नाही, म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर मॅश (वाढत्या पाखरांचे खाद्य) द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी देणारी आपल्या गरजेपुरता तो बरोबर खाते.

नाशिकमध्ये हे काम ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत उरकावे. एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबड्यांवर नवा ताण घालू नये. पावसाळ्यात ओल्या मातीत कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी फोफावतो आणि नवख्या तलंगांना रक्ती हगवण लागते. करायचेच असेल तर इगतपुरी-त्र्यंबककडून येणारे भाताचे तूस चार इंच अंथरून, ओले झाले की बदलत राहावे. जुन्या पिसे गाळत असतील तर तेही थांबू दे. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असते, एक टोच पुरते.

पर्याय म्हणून ऑनलाइन मिळणारे कुत्र्याच्या पिल्लांचे तारेचे कुंपण बरेच जण घेतात. हलके, लगेच घरपोच. पण त्यांतल्या बहुतेकांच्या उभ्या तारांत दीड इंचाच्या आसपास अंतर असते, उंची दोन-अडीच फूट, आणि रंगाखालची तार एका पावसाळ्यात गंजते. घेतलेच असेल तर त्यावर एक इंची जाळी बांधून वापरावे. बांबूचे डालगे रात्रभर झाकायला ठीक, ओळख करून द्यायला नाही. त्यात पाखरू लपते, दिसत नाही.

असील कोंबड्यांसाठी यातले काहीच घेऊ नका. झुंजीच्या रक्ताचे पाखरू जाळीवर स्वतःलाच जखमी करून घेते. आणि एकच नवी कोंबडी आणायची असेल, तर पिंजऱ्याची ऑर्डर देण्याआधी तिला वयाने-अंगाने सारखी जोडीदारीण शोधा, कडकनाथसारखी रंगाने वेगळी दिसणारी असेल तर दोन. कळपाचा सगळा मार एकटीवर येतो तेव्हा 36 किलो लोखंडही कमी पडते.